बोटीवरून मनोऱ्यावर : सागरी पवनचक्क्यांवरील चढ-उताराचा इतिहास

समुद्रात उभ्या असलेल्या पवनचक्कीवर देखभालीसाठी माणूस पोहोचवणे म्हणजे हलत्या बोटीवरून स्थिर मनोऱ्यावर पाऊल टाकणे. मनोरा समुद्रतळात खोलवर रोवलेला असतो. तो जागचा हलत नाही. बोट मात्र लाटेबरोबर वर-खाली होते, पुढे-मागे सरकते, दोन्ही बाजूंना कलते आणि जागच्या जागी वळतेही. दोघांमधले अंतर वीतभर असते; पण त्या वीतभर फटीत पाय सापडला तर हाड चिरडते आणि तोल गेला तर माणूस बोट आणि मनोरा यांच्या मधोमध पडतो. पवनचक्कीच्या माथ्यावरचे काम कितीही उंचावरचे असले तरी ते बहुतांशी बंदिस्त जागेत, पट्टे बांधून चालते. चढ-उताराचे ते काही क्षण मात्र उघड्यावर आणि दर वेळी नव्या लाटेच्या भरवशावर काढावे लागतात. म्हणूनच वारा मिळवण्यासाठी माणूस समुद्रात गेला, तेव्हापासून या एका पावलावर अभियंत्यांनी, बोट चालवणाऱ्या तांडेलांनी आणि नियम करणाऱ्यांनी सतत विचार केला आहे.

दीपगृहांचा वारसा

हा प्रश्न पवनचक्क्यांच्या फार आधीचा आहे. भर समुद्रातल्या खडकांवर दीपगृहे बांधणाऱ्यांना तो प्रथम भेडसावला. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील आर्ब्रोथ गावापासून सुमारे अठरा किलोमीटरवर बेल रॉक नावाचा खडक आहे. भरतीच्या वेळी तो पूर्ण पाण्याखाली जातो आणि ओहोटीला थोडाच वेळ उघडा पडतो. रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी १८०७ मध्ये तेथे काम सुरू केले. २ सप्टेंबर १८०७ रोजी कामगार खडकावर असताना त्यांना आणणारे ‘स्मीटन’ हे जहाज नांगर सुटून वाहत दूर गेले. खडकावर ३२ माणसे होती आणि जवळ होत्या फक्त दोन होड्या. हवा चांगली असतानाही त्या दोन्हींत मिळून २४ माणसेच बसू शकत. पाणी चढू लागले. कामगार हत्यारे खाली ठेवून गप्प उभे राहिले. काय करायचे ते सांगण्यासाठी स्टीव्हन्सन वळले, तेव्हा तोंडाला एवढी कोरड पडली होती की शब्द फुटेना; खडकाच्या खळग्यातले खारे पाणी त्यांना तोंडात घ्यावे लागले. तेवढ्यात आर्ब्रोथहून टपाल घेऊन येणारी एक वाटाड्या बोट योगायोगाने तेथे पोहोचली आणि सगळे वाचले.

या प्रसंगाने काम करण्याची रीत बदलली. खडकावर भरतीच्या पातळीच्या वर उंच लाकडी मचाण उभारण्याचे काम पुढे रेटण्यात आले. आधी ते संकटकाळचा आसरा होते. पुढे त्यावरच्या खोल्यांत कामगार मुक्कामाला राहू लागले. रोज ये-जा करण्याऐवजी कामाच्या जागीच राहायचे, म्हणजे धोक्याची चढ-उतार कमी वेळा करावी लागेल, हा त्यामागचा विचार होता. दोनशे वर्षांनी पवनचक्क्यांच्या बाबतीतही नेमक्या याच विचाराला पुन्हा महत्त्व आले. बेल रॉकचा दिवा १ फेब्रुवारी १८११ रोजी पेटला.

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर, सेन बेटाच्या पलीकडे असलेल्या आर-मेन खडकाने याहून कठीण परीक्षा घेतली. १८६७ मध्ये तेथे पाया घालण्यासाठी खडकात छिद्रे पाडण्याचे काम सेन बेटावरच्याच कोळ्यांकडे देण्यात आले, कारण त्या पाण्यात होडी कधी लावायची आणि कधी काढून घ्यायची हे त्यांच्याइतके कोणाला कळत नव्हते. बुचाचे पट्टे कमरेला बांधलेले हे कोळी खडकाला बिलगून छिद्रे पाडत आणि मोठी लाट येताना दिसली की होडी त्यांना उचलून नेई. त्या पहिल्या वर्षी खडकावर अवघ्या सात वेळा उतरता आले, आणि हाती लागलेला कामाचा वेळ भरला आठ तास. दीपगृह १८८१ मध्ये सुरू झाले. पुढेही तेथील रखवालदारांची बदली दोरावरूनच होई. बोट खडकापासून सुरक्षित अंतर राखून उभी राही, दीपगृह आणि बोट यांच्यात दोर ताणला जाई आणि त्याला लटकवून माणूस व शिधा वर ओढून घेतला जाई. बोट दगडाला लागू द्यायची नाही, हे त्या पद्धतीचे मुख्य सूत्र होते.

विसाव्या शतकात हेलिकॉप्टर आले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून दूर असलेल्या वुल्फ रॉक दीपगृहाच्या माथ्यावर १९७३ मध्ये हेलिकॉप्टर उतरण्याचा मंच बांधला गेला. खडकावरच्या मनोऱ्यावर असा मंच प्रथमच झाला. वादळी हवेमुळे रखवालदारांना बदलीसाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. तो त्रास त्यामुळे बराच कमी झाला.

तेलविहिरींचा अनुभव

१९४७ मध्ये मेक्सिकोच्या आखातात किनाऱ्यावरून न दिसणाऱ्या अंतरावर पहिली तेलविहीर खोदली गेली. तेथपासून समुद्रात नियमित कामावर जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. दीपगृहावर दोन-तीन माणसे असत. तेलाच्या फलाटावर शेकडो. आखातात गाठी मारलेल्या दोरखंडाला धरून बोटीच्या कडेवरून फलाटावर झोका घेण्याची पद्धत रुळली. लाट बोटीला वर उचलते त्या क्षणी झोका घ्यायचा, हे ज्याला साधले तो पार होई. त्यानंतर टेक्सासच्या बिली प्यू यांच्या नावाने ओळखली जाणारी जाळीची टोपली आली. क्रेनने उचलायच्या या टोपलीत सामान आत ठेवतात आणि माणसे बाहेरच्या कड्यावर उभी राहून जाळी धरतात. टोपली पाण्यात पडली तर माणूस आत अडकू नये, हा त्या रचनेमागचा हेतू. उत्तर समुद्रात लांबच्या फलाटांसाठी हेलिकॉप्टर हेच मुख्य वाहन झाले. पण त्याचेही मोल मोजावे लागले. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी शेटलँडमधील सम्बर्गजवळ फलाटावरून परतणारे चिनूक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि ४५ जण मृत्युमुखी पडले.

भारतात हा विषय मुंबईशी जोडलेला आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या बॉम्बे हाय क्षेत्रात १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम जहाजाला तेल लागले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून कामगारांच्या पाळ्या हेलिकॉप्टरने आणि जहाजांनी बदलत आल्या आहेत. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईला बुडवणाऱ्या महापावसाच्या दुसऱ्याच दिवशी, या क्षेत्रातील बॉम्बे हाय नॉर्थ फलाटाजवळ ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरील एका आचाऱ्याच्या बोटांना जखम झाली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते. म्हणून जखमीला फलाटाच्या क्रेनने टोपलीतून उचलून घेण्याचे ठरले. वाऱ्याच्या आडोशाकडची क्रेन नादुरुस्त असल्याने जहाजाला वाऱ्याच्या बाजूने जवळ जावे लागले. जखमी माणूस वर पोहोचला. पण त्यानंतर जहाज लाटांनी ढकलले जाऊन फलाटाच्या कडेने वर येणाऱ्या गॅसच्या नळांवर आदळले. गॅस पेटला आणि सुमारे दोन तासांत फलाट कोसळला. फलाट, शेजारची खोदकाम यंत्रणा आणि जहाज यांवर मिळून ३८४ माणसे होती. त्यांतील २२ जणांचे प्राण गेले. त्या उचलीत टोपली, दोर, क्रेन यांतील काहीही तुटले नव्हते. चुकीच्या दिवशी, चुकीच्या बाजूने जहाज जवळ नेणे हेच पुरेसे ठरले. समुद्रातल्या चढ-उताराची सुरक्षितता ही साधनांइतकीच निर्णयाची बाब आहे, हे या दुर्घटनेने जगाच्या तेलउद्योगासमोर ठळकपणे मांडले.

विंडेबी ते हॉर्न्स रेव

डेन्मार्कच्या लोलँड बेटाजवळ १९९१ मध्ये विंडेबी येथे जगातले पहिले सागरी पवनक्षेत्र उभे राहिले. प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या ११ पवनचक्क्या उथळ पाण्यात, किनाऱ्यापासून दीड ते तीन किलोमीटरवर होत्या. बाल्टिकच्या या भागात भरती-ओहोटीचा फरक नगण्य आणि लाटाही लहान, त्यामुळे साध्या होडीने जाऊन पायावरच्या शिडीने चढणे शक्य होते. २००० मध्ये कोपनहेगनच्या समोर मिडलग्रुंडन येथे २ मेगावॅटच्या २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हाही बंदर हाकेच्या अंतरावर होते.

खरी कसोटी २००२ मध्ये लागली. त्या वर्षी जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून १४ ते २० किलोमीटर आत, खुल्या उत्तर समुद्रात हॉर्न्स रेव हे ८० पवनचक्क्यांचे, १६० मेगावॅटचे क्षेत्र सुरू झाले. येथे लाटा अटलांटिकच्या वादळांनी उठलेल्या होत्या. बोटीने जाणे अनेक दिवस अशक्य होणार हे ओळखून प्रत्येक पवनचक्कीच्या माथ्यावर, जनित्र सामावणाऱ्या यंत्रपेटीच्या मागच्या बाजूला, हेलिकॉप्टरमधून माणूस उतरवण्यासाठी कठडा असलेला मंच दिला गेला. तरीही समुद्राने धडा शिकवलाच. ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रांत दोष आढळल्याने २००४ मध्ये सर्व ८० यंत्रपेट्या उतरवून किनाऱ्यावर न्याव्या लागल्या. जमिनीवर जी दुरुस्ती ट्रक आणि क्रेन आणून होते, तिच्यासाठी समुद्रात पायांवर उभे राहणारे क्रेन-जहाज आणि शांत हवेची वाट पाहणे भाग पडते, हे त्या वेळी साऱ्या उद्योगाला उमगले. पवनचक्की किती वीज देते हे वाऱ्यावर अवलंबून असते. पण बंद पडलेली चक्की किती लवकर सुरू होते हे तिच्यापर्यंत पोहोचता येण्यावर अवलंबून असते. आणि सर्वाधिक वीज मिळते ती जोरदार वाऱ्याच्या हिवाळ्यात, म्हणजे पोहोचणे सर्वांत अवघड असते त्याच महिन्यांत.

नाळ टेकवून पाऊल टाकण्याची रीत

पहिल्या काळात मासेमारीच्या आणि वाटाड्यांच्या बोटी भाड्याने घेतल्या जात. वेल्सच्या किनाऱ्यावरील नॉर्थ हॉइलसारखी क्षेत्रे २००३ पासून सुरू झाली, तशी या कामासाठी खास बोटी बांधल्या जाऊ लागल्या. यांतल्या बहुतेक कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांवर उभ्या असलेल्या वेगवान बोटी आहेत. दोन सांगाड्यांमुळे त्या कमी कलतात आणि पुढच्या बाजूला रुंद, सपाट जागा मिळते. बारापेक्षा जास्त प्रवासी नेले तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती बोट प्रवासी जहाज ठरे आणि तिला बरेच कडक नियम लागू होत. म्हणून अनेक वर्षे बारा तंत्रज्ञ हेच एका बोटीचे माप राहिले.

चढण्याची पद्धत पाहण्यास साधी, पण करण्यास कसबाची. मनोऱ्याच्या पिवळ्या पायथ्याला दोन जाड उभ्या नळ्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्या मध्ये, थोडी आत, शिडी असते. तांडेल बोटीच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, जाड रबरी ठोकळा या दोन नळ्यांवर टेकवतो आणि इंजिनाचा जोर पुढे देऊन बोट दाबून धरतो. रबर आणि पोलाद यांच्यातील घर्षणामुळे नाळ जागी अडकून राहते. मागचा भाग लाटेबरोबर हलत राहिला तरी पुढचा भाग जवळजवळ स्थिर होतो. तांडेल काही लाटा नुसत्या पाहतो. नाळ घसरत नाही, अशी खात्री पटल्यावरच तो हात करतो. नाळेवर उभा असलेला खलाशी तंत्रज्ञाला आधार देतो. लाटेने बोट उचलली आणि ती माथ्यावर आली, की तंत्रज्ञ शिडी पकडून पाऊल टाकतो आणि लगेच दोन-तीन पायऱ्या वर जातो. बोट खाली असताना पाऊल टाकले, तर पुढच्याच लाटेबरोबर ती वर येऊन पाय चिरडू शकते. शिडीवर वरून येणारा, झटका बसताच अडकणारा सुरक्षा दोर असतो. तो आधी अडकवायचा की पाऊल टाकल्यावर, याबद्दल दीर्घकाळ चर्चा झाली आहे. आधी अडकवला आणि बोट एकाएकी खाली गेली, तर माणूस हवेत लोंबकळतो; अडकवला नाही आणि हात सुटला, तर तो थेट फटीत जातो.

या पद्धतीची मर्यादा साधारण दीड मीटर लाटेची मानली जाते. ही उंची म्हणजे ठरावीक वेळात आलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी होय. तेव्हा दीड मीटरची नोंद असलेल्या समुद्रातही एखादी लाट जवळजवळ तीन मीटरांची येऊ शकते. घर्षण पुरे पडेनासे झाले की नाळ इशारा न देता घसरते, आणि ही घसरणच सर्वांत घातक. शिवाय भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पायऱ्यांवर शेवाळ चढते, शंख-शिंपले चिकटतात, वरच्या पायऱ्यांवर पक्ष्यांची विष्ठा साचते. म्हणून शिडी वेळोवेळी धुऊन काढणे हा देखभालीच्या कामाचाच भाग बनला. तास-दोन तासांच्या खडतर प्रवासाने बोट लागलेला, थकलेला माणूस योग्य क्षणी पाऊल टाकू शकत नाही, हेही अनुभवातून लक्षात आले. त्यामुळे बोटीवरच्या आसनांना धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा आल्या आणि केबिन मूळ सांगाड्यापासून रबराच्या आधारांवर वेगळी ठेवली जाऊ लागली.

सामानाची वाट

चढणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असले पाहिजेत, हा नियम लवकरच सर्वमान्य झाला. हत्यारे पाठीवर घेऊन शिडी चढायची नाही. मनोऱ्याच्या पायथ्याभोवती एक मंच असतो आणि त्यावर छोटी फिरती क्रेन बसवलेली असते. आधी दोन तंत्रज्ञ वर जातात, क्रेन चालू करतात आणि मग बोटीवरून हत्यारांच्या पिशव्या, तेलाचे डबे, सुटे भाग एकेक करून वर ओढले जातात. हलत्या बोटीवरून ओझे सुटताच ते झुलू लागते, म्हणून बोट मागे घेण्याची वेळ, आकडा अडकवणाऱ्याची जागा आणि ओझ्याखाली कोणी नसणे हे सगळे आधीच ठरलेले असावे लागते. पिशवीचे तोंड बंद होणारे असले पाहिजे, आतली हत्यारे दोरीने बांधलेली असली पाहिजेत. कारण वरून सुटलेला एक पानादेखील जीव घेऊ शकतो. मंचावरून पुढे सामान मनोऱ्यातील लिफ्टने किंवा यंत्रपेटीतल्या क्रेनने माथ्यावर जाते. गिअरबॉक्स, जनित्र किंवा पाते बदलायचे असेल तर मात्र समुद्रतळावर पाय रोवून स्वतःला पाण्याच्या वर उचलणारी क्रेन-जहाजे आणावी लागतात. तेवढ्या उंचीवरचे जड काम लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजावरून नेटके होत नाही.

आकाशातून उतरणे

हेलिकॉप्टरची पद्धत लाटांच्या मर्यादेतून सुटते, पण तिच्या स्वतःच्या अटी आहेत. चक्कीचे चाक थांबवून जखडले जाते आणि यंत्रपेटी वाऱ्याच्या दिशेचा विचार करून ठरावीक कोनात वळवली जाते. मंचावरचा हिरवा दिवा लुकलुकत असेल तर तयारी चालू आहे असे वैमानिक समजतो. दिवा स्थिर झाला की मगच तो जवळ येतो. हेलिकॉप्टर मंचाच्या वर तरंगते आणि तारेला अडकवलेला तंत्रज्ञ काही मिनिटांत खाली येतो. हवेतून फिरताना हेलिकॉप्टरवर स्थिर विद्युत साठते, म्हणून खाली येणाऱ्या तारेला आधी मंचाचा स्पर्श होऊ द्यावा लागतो. धुके, बर्फ आणि अतिवेगाचा वारा असेल तर हा मार्गही बंद. एका फेरीत नेता येणारी माणसे आणि सामान थोडे, खर्च मोठा. त्यामुळे हेलिकॉप्टर तातडीच्या बिघाडासाठी आणि आजारी माणसाला हलवण्यासाठी अधिक उपयोगी ठरले. रोजच्या कामाचा भार बोटींवरच राहिला.

लाट विसरायला लावणारा पूल

बोट आणि मनोरा यांच्यातील सापेक्ष हालचालच नाहीशी करावी, ही कल्पना नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात आकाराला आली. २००२ मध्ये बर्लिन येथील पवनऊर्जा परिषदेत यान व्हान डेर टेम्पेल आणि त्यांचे सहकारी या प्रश्नावर बोलत होते. बर्लिनच्या चौकांतील सिग्नलवर टोपी घातलेल्या छोट्या माणसाचे चित्र असते; त्याचे नाव आम्पेलमान. हेच नाव त्या कल्पनेला मिळाले. मूळ तत्त्व जुने होते. टायरांच्या चाचणीसाठी एरिक गॉफ यांनी १९५४ च्या सुमारास सहा पायांची हलणारी बैठक तयार केली होती आणि १९६५ मध्ये डी. स्टुअर्ट यांनी तशाच बैठकीवर वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या संदर्भात लेख लिहिला होता. तेथे स्थिर जमिनीवरची बैठक हलवायची होती. आम्पेलमानने हा हिशेब उलटा केला. खालचे जहाज हलते, वरचा मंच स्थिर ठेवायचा. संवेदक जहाजाची प्रत्येक हालचाल मोजतात, संगणक सहा हायड्रॉलिक दट्ट्यांना तेवढ्याच प्रमाणात उलट हलवतो आणि मंच हवेत जणू थबकून राहतो. त्यावरचा पूल पुढे सरकून मनोऱ्याला टेकतो आणि तंत्रज्ञ चालत पलीकडे जातो. २००७ मध्ये खऱ्या समुद्रात या यंत्राच्या चाचण्या झाल्या आणि पुढच्या वर्षी कंपनी स्थापन झाली.

या यंत्राची रचना करताना एका गोष्टीला सर्वाधिक महत्त्व दिले गेले. पुलावर माणूस असताना एखादा भाग निकामी झाला, तरी मंच स्थिर राहिला पाहिजे. त्यासाठी महत्त्वाची प्रत्येक यंत्रणा दुहेरी ठेवली गेली. अडीच ते तीन मीटर लाटेतही असे पूल वापरता येऊ लागले. उत्तर समुद्राच्या हिशेबात हा फरक वर्षातल्या कितीतरी कामाच्या दिवसांचा आहे. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेने २०१० मध्ये सुरक्षित पोहोचण्याच्या नव्या कल्पनांसाठी स्पर्धा जाहीर केली, तेव्हा जगभरातून शेकडो प्रस्ताव आले. नाळेला धरून ठेवणारे चिमटे, स्वतः समतोल राखणारे छोटे पूल, लाटेत कमी हलणारे वेगळ्या आकाराचे सांगाडे असे नाना मार्ग त्यांत होते. त्यांतील काही पुढे प्रत्यक्षात उतरले.

समुद्रातच मुक्काम

पवनक्षेत्रे किनाऱ्यापासून चाळीस, साठ, ऐंशी किलोमीटरवर गेली, तसा रोजचा प्रवासच कामाचे तास खाऊ लागला. हॉर्न्स रेवच्या दुसऱ्या क्षेत्रात, २००९ च्या सुमारास, वीज गोळा करणाऱ्या उपकेंद्राशेजारी २४ माणसांच्या राहण्याचा ‘पोसायडन’ नावाचा फलाट पुलाने जोडला गेला. पवनक्षेत्रासाठी बांधलेला असा हा जगातला पहिला निवासी फलाट होता. बेल रॉकच्या मचाणामागचा विचार येथे नव्या रूपात पुढे आला. पण फलाट एका जागी असतो आणि पवनचक्क्या मैलोन्‌मैल पसरलेल्या, त्यामुळे तेथून पुन्हा बोटीने जावेच लागते.

२०१५ मध्ये डेन्मार्कच्या एस्वाग्त कंपनीची ‘फ्रूड’ आणि ‘फॅरडे’ ही जहाजे याच कामासाठी बांधून दाखल झाली. सुमारे साठ माणसांच्या राहण्याची सोय, सुट्या भागांचे कोठार, कार्यशाळा आणि हालचाल शोषणारा पूल हे सगळे एकाच जहाजावर आले. उपग्रह आणि संवेदकांच्या साहाय्याने इंजिने आपोआप चालवून जहाज नांगर न टाकताही एका जागी धरून ठेवले जाते. ते एका चक्कीपाशी थांबते, पूल लावते, तंत्रज्ञांना सोडते आणि पुढच्या चक्कीकडे जाते; संध्याकाळी त्याच क्रमाने त्यांना परत घेते. पुढच्या जहाजांत कोठारापासून पुलाच्या तोंडापर्यंत लिफ्ट आली आणि पुलाची उंची भरती-ओहोटीप्रमाणे बदलता येऊ लागली. त्यामुळे चाकांच्या गाडीवर ठेवलेले सामान एकही पायरी न चढता मनोऱ्याच्या मंचावर नेता येते. शिडी आणि क्रेन या दोन्ही धोक्याच्या जागा त्यामुळे नेहमीच्या कामातून कमी झाल्या.

नियम आणि प्रशिक्षण

साधने वाढली तसे नियमही आकाराला आले. सागरी कंत्राटदारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जहाजांवरून माणसांच्या ने-आणीबद्दल मार्गदर्शिका काढल्या. पवनचक्क्या बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांनी २०१२ मध्ये ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन स्थापन करून प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षणाचा एक समान अभ्यासक्रम आखला. प्रथमोपचार, ओझी उचलण्याची रीत, आगीपासून बचाव, उंचीवरचे काम आणि समुद्रात तग धरणे असे त्याचे पाच भाग. त्यातील शेवटच्या भागात प्रशिक्षणार्थ्याला बोटीवरून शिडीवर जाणे आणि पाण्यात पडल्यास काय करायचे, हे प्रत्यक्ष करावे लागते. आणि दर दोन वर्षांनी उजळणी करावी लागते.

२१ नोव्हेंबर २०१२ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एकाच दिवशी दोन बोटींना अपघात झाले. ‘विंडकॅट ९’ ही बोट लष्करी सरावासाठी ठेवलेल्या तरंगत्या लक्ष्यावर आदळली, तर ‘आयलंड पँथर’ ही अंधारात एका दिवा नसलेल्या मनोऱ्याच्या पायथ्यावर धडकली आणि बोटीवरचे काही जण जखमी झाले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने दोन्हींचा एकत्र अहवाल काढला. चढ-उताराच्या क्षणाकडे सगळ्यांचे लक्ष असताना प्रवासातल्या नौकानयनाकडे दुर्लक्ष होऊ नये, हा त्यातला मुख्य धडा होता. बोट लावण्यात वाकबगार असलेला तांडेलही नकाशा, रडार आणि टेहळणी यांत तितकाच तयार असला पाहिजे, ही अपेक्षा त्यानंतर रूढ झाली.

बारा प्रवाशांच्या जुन्या मर्यादेवर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने दीर्घ विचार केला. पवनक्षेत्रावर जाणारा तंत्रज्ञ खलाशी नव्हे, पण सामान्य प्रवासीही नव्हे. तो प्रशिक्षित असतो आणि जहाजावरचे धोके जाणतो. या विचारातून ‘औद्योगिक कर्मचारी’ असा वेगळा वर्ग मान्य झाला आणि त्यासाठीची स्वतंत्र संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

सर्वांत मोलाचा नियम मात्र यांतल्या कोणत्याही यंत्राविषयी नाही. चढायचे की नाही, याचा अंतिम निर्णय तांडेलाचा आणि प्रत्येक तंत्रज्ञाचाही असतो. दोघांपैकी एकानेही ‘नको’ म्हटले तर बोट परत फिरते आणि त्याबद्दल कोणालाही जाब द्यावा लागत नाही. वीज कंपनीसाठी बंद चक्कीचा प्रत्येक तास तोट्याचा असतो. म्हणून हा अधिकार कागदावर लिहिणे पुरेसे नाही, तो वापरणाऱ्याच्या पाठीशी संस्था उभी राहावी लागते.

शिडीपलीकडे

अलीकडच्या वर्षांत शिडीच काढून टाकण्याचा मार्ग खुला झाला आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ८९ किलोमीटरवर, २०२२ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झालेल्या हॉर्नसी टू क्षेत्रातील १६५ पवनचक्क्यांवर स्कॉटलंडमध्ये विकसित झालेली उचल यंत्रणा बसवली गेली. ती बोटीची उंची सतत मोजते आणि तंत्रज्ञाच्या दोराला लाटेप्रमाणे सैल-ताण देते. तंत्रज्ञ बोटीच्या नाळेवरून पाय उचलतो आणि थेट मंचावर पोहोचतो. त्यामुळे पायथ्याच्या नळ्या आणि लांब शिडी यांची गरज उरत नाही, आणि त्यांची सफाई-देखभालही वाचते. सामानासाठी मोठे ड्रोन वापरण्याचे प्रयोग झाले. नेदरलँड्समधील बोर्सेले क्षेत्रात २०२४ मध्ये जहाजावरून पवनचक्क्यांच्या माथ्यावर सुरक्षा साहित्य ड्रोनने पोहोचवण्यात आले.

तरंगत्या पवनचक्क्यांनी मात्र प्रश्न पुन्हा अवघड केला आहे. स्कॉटलंडमधील पीटरहेडजवळ २०१७ मध्ये हायविंड हे पाच चक्क्यांचे पहिले तरंगते क्षेत्र सुरू झाले. येथे मनोराही साखळदंडांना बांधलेला आणि लाटेबरोबर हलणारा. आजवरच्या साऱ्या पद्धती एक बाजू स्थिर असण्यावर उभ्या होत्या. आता दोन हलत्या वस्तूंमधला फरक मोजून पूल धरावा लागतो.

भारताने २०१५ मध्ये राष्ट्रीय सागरी पवनऊर्जा धोरण जाहीर केले. त्यानंतर खंभातच्या आखातात वाऱ्याची मोजमापे झाली आणि जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातला काही भाग बंदरांच्या सुधारणेसाठी आहे. युरोपात हिवाळा जो अडथळा आणतो, तो येथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या चार महिन्यांत येणार आहे. त्याच महिन्यांत वारा सर्वांत जोरदार असतो आणि समुद्रही. बॉम्बे हायच्या पाच दशकांच्या अनुभवातून पावसाळी लाटांतल्या ने-आणीचे ज्ञान येथील कामगारांकडे आणि तांडेलांकडे साठलेले आहे. भारतीय समुद्रात पहिली पवनचक्की उभी राहण्याआधीच तिच्या पायथ्याची रचना, बोटींची निवड, मोसमाचे वेळापत्रक आणि ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार या चारही गोष्टी एकत्र ठरवल्या, तर इतर देशांनी अपघातांतून शिकलेले धडे येथे नव्याने शिकावे लागणार नाहीत.